साखरेच्या गावातलं बिनसाखरेचं श्रीखंड

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मी बिद्रीची. कोल्हापूरहून गारगोटीकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं, कागल तालुक्यातलं आमचं गाव. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांचं नाव घेऊन उभा असलेला सहकारी साखर कारखाना ही आमच्या गावाची ओळख. गळीत हंगाम सुरू झाला की रात्रंदिवस उसाच्या गाड्यांची रीघ लागते आणि वाऱ्यालाही पाकाचा वास येतो. एक टन ऊस गाळला की आमच्या भागात साधारण बारा टक्के, म्हणजे एकशेवीस किलोच्या आसपास साखर निघते. अशा गावात राहून बिनसाखरेच्या गोडाविषयी बोलायचं, हे तसं धाडसाचंच काम!

पण साखरेशी माझं वैर नाही. आमच्या घराची कौलं जाऊन स्लॅब पडला तो उसाच्या बिलावर. मुलांची शिक्षणं झाली तीही त्याच बिलावर. प्रश्न आहे तो आमच्या ताटाचा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. हा आता शहरातल्या बैठ्या लोकांचाच आजार राहिलेला नाही. खेड्यातही प्रत्येक गल्लीत गोळ्यांची डबी सापडते. ऊस पिकवणारा शेतकरी आणि सवलतीची साखर घरी आणणारा सभासद, दोघांच्याही घरी सापडते.

आमच्या घरी ती डबी माझ्या सासऱ्यांची. आम्ही त्यांना मामा म्हणतो. चौदा वर्षं झाली त्यांना मधुमेह होऊन. मध्यंतरी पायाच्या अंगठ्याला चपलेनं घासलं. जखम एवढीशी, पण भरायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत घरातल्या प्रत्येकाला समजलं की हा आजार गोड खाण्यापुरता नाही. तो पायापर्यंत, डोळ्यापर्यंत, मूत्रपिंडापर्यंत जातो. तेव्हापासून सणाच्या दिवशी मामांच्या ताटात गोडाची वाटी येईनाशी झाली.

श्रोतेहो, आपल्याकडं सणाच्या पंगतीला बसायचं आणि गोडाला नाही म्हणायचं, याच्यासारखं अवघड काही नाही. वाढणारी आग्रह करते, शेजारचा 'घ्या हो, एका दिवसानं काय होतंय' म्हणतो. मामा एका पाडव्याला मला म्हणाले, "पोरी, पंगतीत सगळी माझ्या ताटाकडं बगत्यात. त्यापरीस मी मागनं एकटाच जेवतो." घरातला सर्वांत वडील माणूस सणाच्या दिवशी मागनं एकटा जेवणार, हे काही मला पटेना. मी शाळेत गृहशास्त्र शिकवत होते. म्हटलं, याचा काहीतरी विचार करू.

आधी साधा हिशेब मांडूया. आपल्या देशातल्या अन्न नियमांप्रमाणं श्रीखंडात किमान ५८ टक्के घन पदार्थ असावे लागतात आणि त्या घन पदार्थांत साखर ७२.५ टक्क्यांपर्यंत चालते. गुणाकार केला तर शंभर ग्रॅम श्रीखंडात चाळीसेक ग्रॅम साखर भरू शकते. चहाचे आठ चमचे! घरी आपण चक्क्याच्या वजनाइतकीच साखर घालतो, म्हणजे तिथंही निम्मी साखरच.

आता यावर ठरलेला उपाय कोणता? 'गूळ घालू, गुळानं काही होत नाही.' कोल्हापूरच्या गुळाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण गूळ म्हणजे उसाचा आटवलेला रस. त्यात थोडं लोह, थोडी खनिजं असतील, तरी बहुतांश भाग साखरच आहे. मधाचं तेच, खजुराचंही तेच. रक्ताला रंग कळत नाही. पांढरी साखर असो की तांबूस गूळ, आत गेल्यावर दोन्हींचं ग्लुकोज होतं. म्हणून मधुमेही माणसासाठी 'गुळाचा म्हणून चालतो' असा पदार्थ नसतो.

दुसरा उपाय म्हणजे बाजारातली 'शुगर फ्री' मिठाई. तिथं डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचायला शिका. साखर नसली तरी मैदा असतो, काजू असतात, माव्यातली दुधाची साखर असते. काही ठिकाणी माल्टिटॉलसारखी पिठूळ गोडी घातलेली असते. तीही साखरेइतकी नसली तरी रक्तातली साखर चढवते, आणि जास्त खाल्ली तर पोट बिघडवते. आपण बघायचं ते 'एकूण कर्बोदकं किती' हे. 'साखर नाही' एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानू नये.

मग दूध घ्यावं का? म्हशीच्या दुधात शंभर ग्रॅमला पाचेक ग्रॅम दुधाचीच साखर असते. तिला लॅक्टोज म्हणतात. बासुंदी करायला दूध आटवलं की पाणी उडतं आणि ही साखर मागं राहून दाट होते. म्हणजे वरून दाणाभर साखर घातली नाही तरी बासुंदी मधुमेह्यासाठी हलकी होत नाही. चक्क्याचं उलट. दही लागताना लॅक्टोजचा काही भाग आंबून जातो आणि दही टांगलं की उरलेल्यातला बराचसा भाग निथळणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातो. मागं राहतात ती मुख्यतः प्रथिनं आणि स्निग्धांश. शंभर ग्रॅम चक्क्यात कर्बोदकं साधारण चार-पाच ग्रॅमच. आपल्या आज्या-पणज्यांनी कमी कर्बोदकांचा पदार्थ आधीच करून ठेवला होता, आपण त्यात साखर ओतली! आणि आमच्या जिल्ह्यात दुधाला तोटा नाही. गावोगाव दूध संस्था, घरोघरी म्हैस. म्हणून मी श्रीखंड निवडलं.

पहिल्यांदा केलं तेव्हा मुद्दाम काही वेगळं केलं नाही. चक्का घेतला, साखरेच्या जागी गोडीच्या गोळ्या विरघळवून घातल्या, वेलची घातली, मामांना दिलं. त्यांनी एक चमचा तोंडात घोळवला आणि म्हणाले, "ग्वाड हाय. पर श्रीखंड न्हवं."

श्रोतेहो, या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं. साखर पदार्थाला फक्त गोड करत नाही. ती चक्क्यातलं पाणी ओढून घेते, म्हणून घोटताना श्रीखंड सैल होतं, त्याला तुकतुकी येते. ती आंबटपणा झाकते. ती पदार्थाला वजन देते, कारण अर्धा किलो चक्क्यात अर्धा किलो साखर म्हणजे किलोभर श्रीखंड. ती पदार्थ टिकवते. आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यावर पदार्थ दगड होऊ देत नाही. गोडीची गोळी यातलं एकच काम करते, जिभेला गोड लागण्याचं. बाकीची कामं कोण करणार? ती आपण वाटून द्यायची. बिनसाखरेचं गोड करण्याची सगळी मेख यात आहे.

आता कृती सांगते. कागद-पेन्सिल घ्या.

एक लिटर म्हशीचं दूध तापवून गार करा आणि जाड साय काढून घ्या. मधुमेहाबरोबर हृदयाचीही काळजी घ्यायची असते, म्हणून साय काढायची. दूध बोटाला कोमट लागेल एवढं झालं की चमचाभर ताजं, अजिबात आंबट नसलेलं दही विरजण म्हणून लावा. दही सहा-सात तासांत लागलं की लगेच उचला, आंबू देऊ नका. नेहमीच्या श्रीखंडात थोडा आंबटपणा खपून जातो, इथं तो झाकायला साखर नाही. आंबटपणा झाकण्याचं काम आपण ताज्या दह्याकडं दिलं.

मग स्वच्छ मलमलीच्या फडक्यात दही बांधा. खुंटीला टांगू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. चाळणीत पुरचुंडी ठेवा, खाली पातेलं, वर छोटं वजन, आणि हे सगळं फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. गारठ्यात दही आंबत नाही आणि पाणी शांतपणे निथळतं. सकाळी साधारण साडेतीनशे ग्रॅम चक्का मिळेल. खाली उरलेलं पाणी घरातल्या इतरांच्या भाकरीच्या पिठात किंवा कढीत वापरा. त्यात दुधाची साखर उतरलेली असते, म्हणून मधुमेह्याला देऊ नका.

चक्का पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून दोनदा काढा. साखर नाही म्हणजे सैलपणा आपोआप येणार नाही. म्हणून दोन-तीन चमचे दूध घालून दहा मिनिटं चांगला घोटा. हात दुखेल, पण तुकतुकी घोटण्यातूनच येते.

आता गोडी. दोन चमचे कोमट दुधात केशराच्या सात-आठ काड्या भिजत घाला आणि त्यातच गोळ्या चुरून विरघळवा. एक गोळी एक चमचा साखरेइतकी गोड, असं बहुतेक डब्यांवर लिहिलेलं असतं. त्या हिशेबानं बारा गोळ्यांनी सुरुवात करा आणि चव घेऊन वाढवा. पंधरा-सोळाच्या पुढं जाऊ नका, मागं कडवट चव राहते. पुडीतली पूड वापरणार असाल तर तिच्यात भर म्हणून लॅक्टोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घातलेलं असतं, हे लक्षात ठेवा. एक पुडी ग्रॅमभराची असेल तर पंधरा पुड्यांत तेवढेच ग्रॅम कर्बोदकं परत आली. गोळ्या किंवा थेंब बरे.

एक गंमत सांगते. जिभेला गार पदार्थ कमी गोड लागतो. म्हणून घोटताना जे अगदी बरोबर लागेल ते गार झाल्यावर फिकं वाटेल. चव घेताना किंचित पुढं असू द्या. चिमटीत येईल एवढं मीठ घाला, त्यानं गोडी उठून दिसते. मग जायफळ आणि वेलची. आपल्या मनात जायफळाचा वास आणि गोड पदार्थ यांची जन्माची गाठ आहे. नुसत्या वासानंही जीभ अर्धी फसते. वरून चारोळी, बदामाचे काप. काजूपेक्षा बदाम बरा.

हे झाकून चार तास फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. साखर नसल्यामुळं तिथं त्याची वीट होईल. आणि दोन दिवसांत संपवा. टिकवण्याचं साखरेचं काम आता फ्रिज आणि आपली दक्षता यांनी करायचं आहे.

एवढ्याच्या लहान लहान पाच वाट्या होतात. एका वाटीत साधारण तीन-चार ग्रॅम कर्बोदकं. तेवढ्याच साखरेच्या श्रीखंडात पंचवीस-तीस ग्रॅम असतात. मात्र एक धोक्याची सूचना. श्रीखंडाबरोबर पुरी आली. चार पुऱ्यांत चाळीस ते पन्नास ग्रॅम कर्बोदकं जातात. श्रीखंडात वाचवलेलं पुरीत घालवलं तर काय मिळवलं? म्हणून आमच्या घरी मामांची वाटी जेवणात नसते, ती जेवणाच्या शेवटी चमच्यानं खायची असते. आम्रखंडाचा मोहही आवरा, आंब्याच्या रसात स्वतःची साखर भरपूर असते.

ज्यांना दही चालत नाही त्यांच्यासाठी चायना ग्रास आहे. समुद्रातल्या शेवाळापासून काढलेला हा पूर्ण शाकाहारी पदार्थ. त्यात पचणारी कर्बोदकं जवळजवळ नसतात. पाच ग्रॅम चायना ग्रास कपभर पाण्यात भिजवून पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. कडेला अर्धा लिटर नारळाचं दाट दूध नुसतं कोमट करा आणि हे उकळतं पाणी त्यात गाळून ढवळा. नारळाचं दूध गार असेल तर गुठळ्या होतात, कारण चायना ग्रास चाळीस अंशांच्या आसपासच धरू लागतो. मग गोळ्या, वेलची, आणि ताटलीत ओतून फ्रिजमध्ये. तासाभरात वड्या पडतात.

आता तुमच्या मनात असेल, या गोळ्या शरीराला चांगल्या का? याचं सरळ उत्तर देते. सॅकरिनचा शोध १८७९ सालचा, अ‍ॅस्पार्टेमचा १९६५चा. सुक्रालोजची हकिकत तर आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस हे भारतीय संशोधक साखरेच्या रेणूत क्लोरीन बसवण्याचे प्रयोग करत होते. प्राध्यापक लेस्ली हफ यांनी त्यांना सांगितलं, हा पदार्थ तपासून बघ. इंग्रजीत 'टेस्ट' म्हणजे तपास आणि 'टेस्ट' म्हणजे चव, यांच्या उच्चारात फारसं अंतर नाही. फडणीसांनी तो चाखूनच बघितला! तो साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड निघाला. गंमत म्हणजे या कामाच्या मागं एक साखर कंपनीच होती आणि सुक्रालोज तयार होतो तोही साखरेपासूनच.

या पदार्थांना मर्यादेत वापरायला मान्यता आहे. पण २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन कमी करण्यासाठी यांच्यावर विसंबू नका. ती शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती. त्याच वर्षी अ‍ॅस्पार्टेमला 'कर्करोगाची शक्यता असू शकते' अशा यादीत घातलं गेलं. मात्र तज्ज्ञ समितीनं रोजची मर्यादा बदलली नाही. ती वजनाच्या दर किलोमागं ४० मिलिग्रॅम आहे. याचा अर्थ मी असा घेते की सणाच्या दिवशी एक वाटी घ्यायला हरकत नाही, रोजच्या पाच कप चहात गोळ्या टाकायची सवय मात्र नको. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारावं. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी अ‍ॅस्पार्टेम मुळीच घेऊ नये. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी चक्क्यासारखा प्रथिनांचा पदार्थही डॉक्टरांना विचारूनच खावा.

आता पुढच्या पाडव्याचं सांगते. त्या दिवशी मी घरात एकच श्रीखंड केलं, बिनसाखरेचं, आणि सगळ्यांना तेच वाढलं. मामांसाठी वेगळी वाटी नाही, वेगळं पातेलं नाही. पंगतीत कुणी त्यांच्या ताटाकडं बघितलं नाही, कारण बघण्यासारखं काही वेगळं नव्हतंच. धाकटा नातू म्हणाला, 'जरा कमी गोड आहे.' मामांनी त्याला दटावलं, "खा गप. सवय हुतीया." आणि माझ्याकडं वाटी पुढं केली. दुसरी वाटी मी दिली नाही, तो नियम आहे. पण पंगत उठेपर्यंत ते पाटावरून हलले नाहीत.

या श्रीखंडानं त्यांचा मधुमेह बरा झाला असं मी म्हणणार नाही. तीन महिन्यांची साखर आटोक्यात आली ती गोळ्या वेळेवर घेतल्यानं, भात कमी केल्यानं आणि रोज मळ्यापर्यंत चालत गेल्यानं. श्रीखंडानं एवढंच केलं की पथ्य म्हणजे घरातून बाजूला पडणं नव्हे, हे त्यांना पटलं. आणि जे पटतं तेच माणूस पाळतो. चोरून खाणं थांबलं, हा माझ्या मते सर्वांत मोठा फायदा.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट, विशेषतः शेतात राबणाऱ्यांसाठी. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्या माणसाची रक्तातली साखर एकदम खालीही जाऊ शकते. सकाळी गोळी घेतली, न्याहारी राहिली, आणि उसाला पाणी पाजायला गेला की हात थरथरतात, दरदरून घाम येतो, डोळ्यापुढं अंधारी येते, माणूस बरळू लागतो. साखर सत्तरच्या खाली गेल्याची ही लक्षणं. अशा वेळी बिनसाखरेचं श्रीखंड आणि गोडीच्या गोळ्या यांचा काडीइतका उपयोग नाही. तिथं खरी साखरच लागते. तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, बरं वाटलं नाही तर परत तेवढीच द्या, आणि मग काहीतरी खायला घाला. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

म्हणून आमच्या मामांच्या सदऱ्याच्या खिशात साखरेची एक छोटी पुडी कायम असते. सभासदाच्या सवलतीतलीच साखर! ती कुठं आणि कधी खायची, हे ज्याच्या त्याच्या घरानं ठरवावं. श्रीखंड करून बघा, आणि पुडीही विसरू नका.